खाऱ्या पानाचा उजेड

आमच्या इमारतीत पानं जिना चढतात.

आमची युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी, बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर मी सुरुवातीलाच हे वाक्य टाकते आणि मग मुद्दाम गप्प बसते. शाळेची मुलं हसतात. सरकारी पाहुणे मान डोलावतात, जणू त्यांना हे आधीच ठाऊक होतं. मग मी सगळ्यांना जिन्याने वर नेते. तळमजल्यावर वनस्पतींवर काम करणारे. त्यांच्या काचघरात रोपं वाढतात. तिथलं पान पहिल्या मजल्यावर आम्हा रसायनवाल्यांकडे येतं. आम्ही ते वाटतो, भिजवतो, गाळतो आणि त्यातले रेणू सुटे करतो. दुसऱ्या मजल्यावर नवनवे पदार्थ बनवणारे बसतात. त्यांनी एक पारदर्शक पापुद्रा केलाय, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांचा. तो हवा तो रेणू धरतो आणि नको तो सोडून देतो. झारा पुरी धरतो आणि तेल सोडतो तसा, असं मी पाहुण्यांना सांगते. हे ऐकून तिथला तरुण प्राध्यापक दर वेळी डोळे मिटून घेतो. आणि तिसऱ्या मजल्यावर मेडिसिनवाले. रेणू त्यांच्यापर्यंत पोचला की ते विचारतात, बरं, पण याने माणसाचं काय होणार?

जवळजवळ सगळी पानं पहिल्या मजल्यावरच मान टाकतात. हे मी पाहुण्यांना सांगत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेल्या एका पानाची गोष्टही मी त्यांना सांगत नाही, कारण ती जिन्यावर उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही.

मी इथे विद्यार्थिनी म्हणून आले, पीएचडी केली आणि इथेच चिकटले. रेणूंची वजनं करणारं एक मोठं मशीन माझ्या ताब्यात आहे. मशीन युनिचं, पण त्याचे लाड, रुसवे आणि आजारपणं माझी. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, पॉइंट कुकच्या घरापेक्षा मी त्या मशीनकडे जास्त लक्ष देते. ते खरं आहे. घर कधी बीप करत नाही.

आमच्या गटाचे प्रमुख म्हणजे सर. मूळचे पुण्याचे, आता कितीतरी वर्षं इकडे दक्षिण गोलार्धात, वेरिबीला. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, स्टीलचा डबा, आणि सगळ्या गोऱ्या सहकाऱ्यांनाही तोंडपाठ झालेला एक नियम: 'बहुतेक' हा शब्द लॅबमध्ये आणायचा नाही. कुणी म्हणालं की बहुतेक प्रयोग जमलाय, की सर चष्मा काढून पुसायला घेत. चष्मा पुसून होईपर्यंत ते माणूस आपण होऊन प्रयोग पुन्हा करायला निघालेलं असे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक त्यांना गाठून कुठल्यातरी नव्या औषधाबद्दल विचारत. सर जेवणाचं ताट हातात धरून शांतपणे सांगत की पानातला रेणू सापडल्यापासून औषधाच्या गोळीपर्यंत पंधरा वर्षं धरा, आणि तीही सगळं नीट झालं तर. श्रीखंडाची मजाच जायची.

त्यांची बायको अगदी उलट. मी त्यांना वहिनी म्हणते. वहिनी रविवारच्या मराठी शाळेत मुलांना गोष्टी सांगत. मी स्वतःला गोष्टी सांगणारी समजते, पण वहिनी राक्षस झाल्या की मागच्या बाकावरचे वडीलसुद्धा पाय वर घेत. एका रविवारी त्यांनी राक्षसाची गोष्ट सांगितली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि वहिनींनी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. एक मुलगा म्हणाला, "यू जस्ट टोल्ड अस दॅट वन." वहिनी थांबल्या. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. शेजारची एक चिमुरडी म्हणाली, "इट्स ओके, टेल इट अगेन." आणि त्यांनी ती पुन्हा सांगितली.

पुढे डॉक्टर, तपासण्या, आणि जे नाव आधीच सगळ्यांच्या मनात आलेलं होतं तेच नाव.

सरांनी लगेच ठरवून टाकलं. चहाच्या खोलीत, मी डबा उघडत असताना, त्यांनी हवापाणी सांगावं तसं सांगितलं, "डिसेंबरला मी सोडतोय. तिला अजून मी कोण ते कळतं. ते कळतंय तोवर मला घरी असायचंय."

मी म्हटलं, "हो सर."

तेव्हा आमच्याकडे सॉल्टबुशचं काम चालू होतं. सॉल्टबुश म्हणजे इथलं राखाडी पानांचं झुडूप. वेरिबीच्या पलीकडे समुद्राजवळच्या खारट जमिनीत दुसरं काही जगत नाही, तिथे हे मजेत असतं. मिठाने वनस्पतीच्या पेशीतली प्रथिनं गोळा होतात, दूध नासतं तशी. मग याची का होत नाहीत? पानात असा एखादा रेणू असेल जो प्रथिनांना गुठळी धरू देत नाही. आणि माणसाच्या मेंदूतही काही प्रथिनं उतारवयात अशीच गुठळ्या धरतात, माणूस विसरायला लागतो. सरांनी हे दोन प्रश्न एकमेकांना जोडले होते ते वहिनींच्या आजाराच्या बऱ्याच आधी. त्यामुळे नंतर कुणाला असं म्हणता येईना की हा माणूस बायकोसाठी विज्ञान वाकवतोय. पण सर रोज त्या झुडपाकडे बघायचे कसे, ते मी पाहत होते.

काम करत होती आमची नाशिकची मुलगी, पीएचडीच्या शेवटच्या वर्षातली. मला ताई म्हणते आणि माझ्याच डब्यातलं खाऊन माझ्याच भाजीला नावं ठेवते. हाताने मात्र नेमकी. तिने काढलेला पानाचा अर्क म्हणजे निवळशंख.

आता खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा होते. माझं मशीन नवीन आलं त्या वर्षी वहिनी सरांना म्हणाल्या होत्या, एवढं मोठं यंत्र आणलंत आणि नवमीला त्याला साधं कुंकूही नाही? सरांनी चष्मा पुसून पाहिला. वहिनींवर त्याचा परिणाम होत नसे. शेवटी आमच्या सेफ्टीच्या बाईंची परवानगी काढली. त्यांनी गंभीरपणे विचारलं, हे खायचं असतं का? नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग नो वरीज, फक्त मशीनच्या बाहेरच्या पत्र्यावर. तेव्हापासून दर वर्षी, इथल्या उलट्या ऋतूंमुळे ऐन वसंतात, बाहेर मॅगपाय पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालत असताना, वहिनी ताट घेऊन येत, पत्र्यावर हळदीकुंकवाचं एक एक बोट लावत, झेंडूचं फूल वाहत आणि सगळ्या मजल्यांना पेढे वाटत. दुसऱ्या मजल्यावरचा मटेरियल्सवाला प्राध्यापक तर नवमी कधी आहे ते महिनाभर आधी विचारायचा. त्याचा देव पेढा होता.

त्या वर्षी वहिनींना आणायचं का, यावर सरांनी दोन दिवस विचार केला. मग घेऊन आले. वहिनी जरीची साडी नेसून, नीट केस विंचरून, हसत आल्या. मशीनला हळदकुंकू वाहिलं. फूल ठेवलं. आम्ही हात जोडले. मग त्यांनी ताटाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "चला, आता पूजा करून घेऊ."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी मशीन संपल्यावर त्या बाकाकडे वळल्या. द्रव मोजून घ्यायच्या पिपेट्स स्टँडवर टांगलेल्या असतात, त्या प्रत्येकीला बोट लावलं. नळ्यांच्या स्टँडला लावलं. तिथे मेथॅनॉलची मोठी, गोल, काचेची बाटली होती. पान भिजवायला आम्ही तेच वापरतो. वहिनींनी त्या बाटलीवर हळदीकुंकवाची पाचही बोटं ओढली, कलशावर ओढतात तशी, झाकणापासून खालपर्यंत, चहूबाजूंनी. इतकं मन लावून की नाशिकचीने उचललेला हात परत खाली घेतला. सर खिडकीशी उभे होते. त्यांनी आपल्या बायकोला त्या दिवशी पाहिलं तसं कुणाला कुणाकडे पाहताना मी फारसं पाहिलेलं नाही. त्या क्षणी तिथे सेफ्टीच्या बाई असत्या तर त्याही पेढा खात गप्प उभ्या राहिल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही.

त्या गेल्यावर मुलीने सगळं पुसून घेतलं. स्पिरिटचे बोळे घेऊन पिपेट्स, स्टँड, बाटली, सगळं लखलखीत. पिवळं कुठे दिसेना. आमच्या दृष्टीने ते गेलं.

पुढच्या काही आठवड्यांत तिने सॉल्टबुशचा नवा अर्क काढला. तो दुसऱ्या मजल्यावरच्या पापुद्र्यातून गेला आणि तिसऱ्या मजल्यावर पोचला. तिथे काचेच्या पट्टीतल्या छोट्या छोट्या खळग्यांत मेंदूतलं ते प्रथिन गुठळ्या करून ठेवलेलं असतं. त्यावर अर्काचा थेंब सोडायचा, खोलीत अंधार करायचा आणि निळा दिवा लावायचा. रेणू गुठळीला चिकटला तर खळगा उजळतो. जो रेणू गुठळीला चिकटतो तो निदान गुठळी कुठे आहे ते दाखवू शकतो, आणि नशीब जोरावर असेल तर तिला सोडवूही शकतो.

मेडिसिनच्या मुख्य बाईंनी आम्हाला वर बोलावलं. उंच, सडसडीत बाई, कुणाचंही पटकन कौतुक न करणारी. दिवा लावला. नुसत्या मेथॅनॉलचे खळगे काळे. तुलनेसाठी घेतलेल्या गव्हाच्या पानाच्या अर्काचे खळगे काळे. सॉल्टबुशचे खळगे हिरवट पिवळ्या उजेडाने भरलेले, एका रांगेत, दिवाळीला कुणी कठड्यावर पणत्या मांडाव्यात तसे.

मी नाटकी बाई आहे. अशा वेळी मी टाळी वाजवते, गिरकी घेते, निदान 'अगं आई गं' तरी म्हणते. त्या दिवशी मी सरांकडे पाहिलं आणि काहीच केलं नाही. ते पट्टीवर वाकले होते आणि त्यांच्या चष्म्यात ती सगळी रांग दिसत होती. त्यांनी चष्मा काढला नाही, पुसला नाही.

आठवडाभराने त्यांनी मला सांगितलं की डिसेंबरचं पुढे ढकलतोय. वर्षभर तरी. मी विचारलं, आणि वहिनी? ते म्हणाले, दिवसा एक बाई ठेवू, आमची मुलगी पॅरामॅटाहून अधूनमधून येईल, तिने ऑफिसात घरून कामाचं विचारलंय. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "पंधरा वर्षं लागतातच असं नाही. रुग्णांसाठी आता लवकर परवानग्या देतात. दहा. बहुतेक सात."

तो शब्द त्यांनीच लॅबमध्ये आणला. नाशिकचीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघींनी तो ऐकला नाही असं केलं.

ते सकाळी आमच्याआधी येऊ लागले आणि आमच्यानंतर जाऊ लागले. घरचा फोन आला की बाहेर जाऊन बोलत आणि परत येऊन कामाला लागत. एकदा वहिनींनी मला फोन केला आणि विचारलं, हे कुठे आहेत? मी सांगितलं, इथेच आहेत, काम चाललंय. त्या म्हणाल्या, "असू दे. कामात असले की मला आवडतं." आणि मग बराच वेळ फोन तसाच धरून ठेवला. त्या अजून सरांना ओळखत होत्या. ते दिवस भराभर चालले होते, आणि सर ते दिवस एका पिवळ्या उजेडापायी लॅबमध्ये घालवत होते. उजेड खरा असता तर मी त्याबद्दल काही म्हटलं नसतं. माणसं याहून कमी गोष्टींसाठी आयुष्यं घालवतात.

तो रेणू कोणता, हे सांगणं माझ्या मशीनचं काम होतं. पापुद्र्याने धरून ठेवलेला माल थोडाच होता, म्हणून आम्ही जपून वाट पाहिली. चारही मजल्यांची बुधवारी एक संशोधनाची दुपार असते, त्यात सर बोलणार होते. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, आर्वोला म्हणजे इथल्या बोलीत दुपारनंतर, बाकी सगळे बिअरकडे निघाल्यावर, मी आणि नाशिकची मशीनपाशी बसलो. नमुना आत गेला. वजनाचा आकडा आला. मशीन आपल्याजवळच्या ओळखीच्या रेणूंशी आकडा ताडून पाहतं आणि नाव सुचवतं.

कर्क्युमिन.

मला हसू आलं. खरंच आलं. कर्क्युमिन म्हणजे हळदीचं पिवळेपण. आमच्या धंद्यात हा रेणू बदनाम आहे. जिकडे तिकडे चिकटतो, दिव्याखाली चमकतो, आणि अनेकांना आपल्याला औषध सापडलं असं वाटायला लावतो. मेंदूतल्या त्या गुठळ्यांना तर तो हौसेने चिकटतो.

"ताई," मुलगी म्हणाली, "सॉल्टबुशमध्येच असेल तर?"

"त्या झुडपात हळद?"

"असू शकतं ना. कुणी बघितलंय?"

कुणी बघायची गरज नव्हती. तिलाही ते माहीत होतं. ती उठली, बाकावरची मेथॅनॉलची गोल बाटली आणली, आणि त्यातला नुसता थेंब, पानाशिवाय, मशीनला दिला. तोच आकडा आला. बारीक, पण तोच.

मग तिने बाटलीचं झाकण काढून उजेडाकडे धरलं. आतल्या आट्यांमध्ये, जिथे बोळा पोचत नाही, पिवळी रेघ होती. स्पिरिटने पुसलं तेव्हा हळद विरघळून आट्यांत उतरली होती आणि दर ओतण्याबरोबर थोडी थोडी बाहेर येत होती. तिसऱ्या मजल्यावरचे नुसत्या मेथॅनॉलचे खळगे त्यांच्या स्वतःच्या बाटलीतले होते. गव्हाचा अर्क नवमीच्या आधी काढून फ्रीझरमध्ये ठेवलेला होता. काळे राहिले ते म्हणून. उजळलं ते फक्त वहिनींचा हात लागलेलं.

मुलगी झाकण हातात धरून खाली बसली. "मी का नाही बाटली बदलली?" ती म्हणाली. मग म्हणाली की बुधवारचं भाषण होऊ दे, मग सांगू. मग म्हणाली, नाही, आजच. मग रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि डोक्यात प्रवेश रचायला लागले: सरांना कँटीनमध्ये न्यायचं, आधी दुसरं काही बोलायचं, मग मुलीने आत यायचं. मला अशा गोष्टी बसवता येतात. मी दोन-तीन पडदे वर केले आणि खाली टाकले, आणि तेवढ्यात सर स्वतःच दारात आले. ते बिअरला कधीच जात नसत.

त्यांनी मशीनच्या पडद्यावरचं नाव वाचलं. खुर्ची ओढून बसले. पुन्हा वाचलं.

"हळद," ते म्हणाले.

"हो सर."

"कुठून?"

मुलीने हात पुढे केला. तळहातावर झाकण होतं. सरांनी ते घेतलं, खिशातून पेन काढून त्याच्या टोकाने आटी खरवडली, टोकावरचं पिवळं पाहिलं. मला वाटलं ते आता चष्मा काढतील. त्यांनी काढला नाही.

"दोनदा पूजा केली होती तिने," ते म्हणाले.

मुलगी म्हणाली, "सर, चूक माझी आहे. मी तेव्हाच काकूंना..."

"बाटली बदलायची होती," सर म्हणाले. "तिला थांबवायचं नव्हतं. ते बरोबर केलंत."

नंतर ते कामाचं बोलले. नवी बाटली, नव्या पिपेट्स, तळमजल्यावरून ताजी पानं, आणि या वेळी नुसत्या मेथॅनॉलचे खळगेही आमच्याच बाटलीतले. मुलीने शनिवार-रविवार बसून सगळं केलं. सोमवारी मेडिसिनच्या बाईंनी दिवा लावला. खोलीत आम्ही चौघं होतो आणि अंधार होता. कितीतरी वेळ डोळे सरावायची वाट पाहिली. सरावले, तरी अंधारच होता. बाईंनी दिवा बंद करायला हात पुढे केला तर सर म्हणाले, "वन मिनिट." आणि ते मिनिटभर पाहत राहिले.

बुधवारी त्यांच्याऐवजी दुसरं कुणी बोलेल असं आम्हाला वाटलं होतं. ते स्वतः उभे राहिले. चारही मजल्यांच्या लोकांसमोर आधी त्यांनी उजळलेल्या रांगेचं चित्र दाखवलं, आणि मग काळ्या रांगेचं. पहिलं चित्र चूक होतं, दुसरं बरोबर, असं सांगितलं. चूक कशी शोधली ते पायरी पायरीने सांगितलं आणि शोधणारीचं नाव घेतलं. मुलगी मान खाली घालून बसली होती. तिच्या प्रबंधात आता एक संपूर्ण प्रकरण अंधाराचं असणार होतं. नंतर सरांनी मला सांगितलं की ते प्रकरण ते स्वतः तपासून देतील, घरी बसून. कुणीतरी विचारलं, पण ते लॅबमध्ये आलं कुठून? सर म्हणाले, माझ्या घरून. एवढंच. मटेरियल्सवाला प्राध्यापक खाली बघत राहिला. त्याने पेढे खाल्ले होते.

डिसेंबरचं पुन्हा डिसेंबरला आलं.

शेवटच्या दिवशी सरांच्या खोलीतली पुस्तकं आणि एक सॉल्टबुशची कुंडी माझ्या गाडीत भरायला मी मदत केली आणि त्यांना वेरिबीला सोडायला गेले, कारण त्यांची गाडी सर्व्हिसिंगला होती. फ्रीवेवर उन्हाळ्याचं पांढरं ऊन होतं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "हळदीचं तिला कधी सांगायचं नाही."

"नाही सर."

"आपल्या नाशिकच्या मुलीलाही सांगून ठेव."

"ती कधीच सांगणार नाही."

त्यांनी मान हलवली. मला एकदम वाटलं की त्यांना विचारावं, सर, त्या पिवळ्या रांगेवर तुमचा खरंच विश्वास बसला होता का? तुम्ही, ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या श्रीखंडात पंधरा वर्षं कालवली? मी विचारलं नाही. मी तेव्हा त्यांच्या मागेच उभी होते, माझाही बसला होता.

दार वहिनींनी उघडलं. दिवसा येणारी बाई मागे उभी होती. वहिनींनी सरांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, आज लवकर?"

"हो. काम संपलं."

"संपलं म्हणजे? झाला का तुमचा प्रयोग?"

"नाही. फसला."

वहिनींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "असू दे हो. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? किती प्रयोग फसतात. तुम्हीच सांगता ना." आणि त्यांना आत घेऊन आल्या, सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. सरांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मी कुंडी मागच्या अंगणात नेऊन ठेवली आणि परत आले तर वहिनी चहाचं बघत होत्या. त्यांनी वळून पाहिलं.

"अहो, आज लवकर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "हो. प्रयोग फसला."

वहिनी हातातलं ठेवून आल्या. तोच हात, तोच दंड. "असू दे हो," त्या म्हणाल्या, आणि आवाजात तीच काळजी होती, नवी कोरी, नुकतीच कळल्यासारखी. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

चहा होईपर्यंत हे आणखी एकदा झालं. मी लोकांना एकच किस्सा अनेकदा सांगते आणि दर वेळी थोडं मीठमसाला वाढवते. सरांनी काहीच वाढवलं नाही. दर वेळी तेच सांगितलं आणि दर वेळी तिच्याकडून तेच ऐकून घेतलं, पहिल्यांदा ऐकावं तसं. शेवटच्या वेळी त्यांचे डोळे भरले आणि वहिनींनी पदराने ते पुसले, आणि कशाबद्दल ते विचारलं नाही.

चहा घेताना वहिनी म्हणाल्या, "उद्या परत जायचं असेल ना तुम्हाला?"

"नाही. उद्यापासून घरीच."

"रोज?"

"रोज."

वहिनींनी कप खाली ठेवला आणि त्या गंभीरपणे विचार करू लागल्या. "मग दिवसभर काय करायचं हो आपण?"

"ते तू सांग," सर म्हणाले, आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.